घरासाठी एक चांगली दुर्बीण : मध्यम किमतीत काय पाहून घ्यावे



दिवाळी सरली की आपल्या सुरतेत दोन पाहुणे येतात. एक पोंक, म्हणजे आपला हुरडा. दुसरे पाहुणे म्हणजे उत्तरेकडून उडत येणारी पाखरे. तापीच्या कॉजवेवर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात, गवियरच्या तलावावर बदके दिसू लागतात, डुमस-हजिरा बाजूच्या चिखलात लांब चोचींचे, काटकुळ्या पायांचे पक्षी फिरू लागतात. मुलांना सुट्टी असते, आजी-आजोबांना सकाळचे ऊन हवे असते. मग घरात विषय निघतो : एखादी दुर्बीण घ्यायची का? घ्यायची तर कोणती?

दुकानात किंवा ऑनलाइन पाहिले तर आठशे रुपयांपासून दोन लाखांपर्यंत दुर्बिणी मिळतात. आठशेची घेतली तर ती आठ दिवसांत कपाटात जाते आणि दोन लाखांचा प्रश्न बहुतेक घरांत उद्भवतच नाही. या लेखापुरती मध्यम किंमत म्हणजे साधारण आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत. ही रक्कम लहान नाही. एखाद्या घराचा महिन्याचा किराणा आणि मुलाच्या शिकवणीची फी त्यात येते. म्हणून पैसे देण्याआधी कशाचे पैसे देतो आहोत ते समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

रायफलीवरची दुर्बीण आणि डोळ्याला लावायची दुर्बीण

आधी एक गोंधळ दूर करू. मध्यम किमतीच्या दुर्बिणींची तुलना शोधायला गेलो की पुष्कळदा समोर येतात त्या शिकारीच्या रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी, ज्यांना स्कोप म्हणतात. त्यांवर ३-९×४० असे आकडे असतात, आत नेम धरण्यासाठी फुलीची रेघ असते. परदेशात जिथे परवाना घेऊन शिकार चालते तिथे त्यांचा मोठा बाजार आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दलचे लिखाणही खूप आहे.

आपल्याला त्यांचा उपयोग नाही. स्कोप एका डोळ्याने पाहायचा असतो. बंदुकीचा धक्का डोळ्याला लागू नये म्हणून तो डोळ्यापासून सुमारे नऊ सेंटिमीटर दूर ठेवूनच नीट दिसतो आणि त्यातून दिसणारा भाग अरुंद असतो. उडणारे पाखरू त्यात सापडणे अवघड. शिवाय आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या प्राण्या-पक्ष्यांची शिकार बंद आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नाही. सापळा लावणे, पकडणे, घरटे मोडणे, अंडी काढणे हेही शिकारीतच मोडते. गावाकडे मुलांच्या हातात गलोल किंवा छऱ्याची बंदूक देण्याची जुनी हौस कुठे उरली असेल, तर तीही याच कायद्याच्या आड येते हे घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावे.

बंदुकीकडून दुर्बिणीकडे येण्याचा हा रस्ता आपल्या मुंबईतूनच गेला आहे. सलीम अली (१८९६–१९८७) लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे मिलार्ड साहेबांनी त्यांना पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, आणि पुढे देशाला एक पक्षितज्ज्ञ मिळाला. त्या काळी पक्षी ओळखायचा तर तो हातात लागे, म्हणजे मारावा लागे. आज तेच काम चांगली काच करते. म्हणून काच चांगली हवी.

८×४२ म्हणजे काय?

प्रत्येक दुर्बिणीवर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल तो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ८×४२ म्हणजे आठ पट जवळ आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे. १०×४२ म्हणजे भिंग तेवढेच, पण दहा पट.

आता मनात लगेच येते की दहा आठापेक्षा जास्त, तर दहा घेऊ. हिशोब करून पाहू. तलावाच्या पलीकडच्या काठावर १२० मीटरवर बदक बसले आहे. आठ पटीने ते १५ मीटरवर असल्यासारखे दिसेल, दहा पटीने १२ मीटरवर. फरक तीन मीटरचा. हा फरक नक्कीच आहे, पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत हाताची थरथर. दुर्बीण पाखरू जितके मोठे करते तितकीच हाताची थरथरही मोठी करते. आपल्यापैकी ज्यांच्या घरात हिऱ्याचे काम चालते त्यांना हे समजावून सांगायला नको. हिरा दहा पटीच्या भिंगाखाली तपासतात, पण तेव्हा भिंग डोळ्याला टेकलेले असते, हात गालाला टेकलेला असतो आणि हिरा चिमट्यात घट्ट असतो. तलावाकाठी उभे राहून, वाऱ्यात, पाऊण किलोची वस्तू डोळ्यांसमोर धरली की दहा पटीत ती स्थिरता राहत नाही. लहान मुलांच्या आणि वयस्कर माणसांच्या हातात तर नाहीच.

दुसरी किंमत दिसणाऱ्या पट्ट्याची. पट वाढली की दिसणारा भाग आक्रसतो. आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीतून एक किलोमीटरवर सुमारे सव्वाशे ते एकशे चाळीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहा पटीच्यातून बहुधा शंभर ते एकशे पंधरा मीटरचा. झाडीत उडी मारणारा पक्षी शोधायचा असेल तर रुंद पट्ट्यात तो लवकर सापडतो. "कुठे आहे? कुठे आहे?" म्हणेपर्यंत पक्षी उडून जाण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

तिसरी किंमत उजेडाची. ती जरा सविस्तर पाहू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

उजेडाचा हिशोब

दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरून उजेडाकडे पाहा. मागच्या भिंगात प्रकाशाची एक लहान गोल चकती दिसेल. तिचा व्यास काढणे सोपे आहे : दुसऱ्या आकड्याला पहिल्या आकड्याने भागायचे. ८×४२ला ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. १०×४२ला ४.२ मिलिमीटर. खिशात मावणाऱ्या ८×२१ला फक्त २.६ मिलिमीटर.

ही चकती म्हणजे दुर्बिणीतून बाहेर पडणारी उजेडाची धार. ती आपल्या डोळ्याच्या बाहुलीत शिरते. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटर एवढीच उघडी असते, त्यामुळे दुपारी बारा वाजता दुकानाबाहेर पाहिले तर ८×२१ आणि ८×४२ यांत उजेडाचा फरक कळतच नाही. स्वस्त दुर्बीण विकली जाते ती अशाच वेळी.

पण पाखरे दुपारी बाराला फिरत नाहीत. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि पक्ष्यांची खरी लगबग त्याच्या आसपास असते, नाहीतर मग संध्याकाळी. तेव्हा बाहुली पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडते. त्या वेळी सव्वापाच मिलिमीटरची धार डोळा भरून टाकते आणि ४.२ची थोडी अपुरी पडते. क्षेत्रफळाने हिशोब केला तर ८×४२मधली धार १०×४२च्या दीडपटीहून थोडी मोठी भरते. सकाळच्या धुक्यात बदक काळे दिसते की त्याचा रंग दिसतो, हा फरक इथून येतो.

मग आणखी मोठे भिंग का नको? युरोपातले शिकारी संधिप्रकाशासाठी ८×५६ वापरतात, त्यात चकती सात मिलिमीटरची असते. पण वय वाढते तशी बाहुली कमी उघडते. साठीच्या माणसाची बाहुली अंधारातही बऱ्याचदा पाच मिलिमीटरच्या आसपासच उघडते. उरलेला उजेड डोळ्याच्या कडेवर पडून वाया जातो, आणि वजन मात्र किलोच्या पुढे जाऊन मानेला लटकते. म्हणून आजोबा, आई-बाबा आणि नातवंडे या तिघांनाही चालेल अशी एकच दुर्बीण घ्यायची असेल, तर ८×४२ हे माप सगळ्यात कमी चुकते.

पैसे कशात जातात : लेप आणि लोलक

दोन कंपन्यांच्या ८×४२ दुर्बिणी शेजारी ठेवल्या, एक चार हजारांची आणि एक चौदा हजारांची, तर आकडे तेच असतात. मग दहा हजार गेले कुठे?

मुख्यतः काचेवरच्या लेपात. उजेड हवेतून काचेत शिरताना किंवा काचेतून हवेत येताना, लेप नसेल तर, दर वेळी सुमारे चार टक्के परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग असले तर शेवटी शंभरातला सहासष्टच उजेड डोळ्यापर्यंत पोचतो. एक तृतीयांश वाटेतच गेला, आणि तो नुसता जात नाही, आत इकडेतिकडे आपटून चित्रावर पांढुरकी झाक आणतो. चांगला बहुपदरी लेप असला तर हीच गळती दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्यावर येते आणि शंभरातला पंचाण्णव उजेड पोचतो. म्हणून खोक्यावर काय लिहिले आहे ते नीट वाचावे. नुसते 'कोटेड' म्हणजे काही पृष्ठभागांवर एकपदरी लेप. 'मल्टी-कोटेड' म्हणजे काहींवर बहुपदरी. 'फुली मल्टी-कोटेड' म्हणजे सर्व पृष्ठभागांवर बहुपदरी. आपल्याला शेवटचा शब्द हवा.

लेपाचा रंगही पाहावा. चांगल्या भिंगात दिव्याचे प्रतिबिंब मंद हिरवट किंवा जांभळट दिसते. रस्त्यावर किंवा जत्रेत मिळणाऱ्या 'मिलिटरी' दुर्बिणींची भिंगे लालभडक चमकतात. ती चमक म्हणजे लाल उजेड बाहेर फेकला जातो आहे, आत येत नाही. पाखराचा रंगच ओळखायचा असेल तर ही काच निरुपयोगी.

दुसरा खर्च आतल्या लोलकांचा, म्हणजे प्रिझमचा. यात दोन जाती आहेत. जुन्या धाटणीच्या, खांदे रुंद असलेल्या दुर्बिणीला पोरो म्हणतात. सरळ दोन नळ्या असलेलीला रूफ म्हणतात. पोरोची रचना सोपी असल्याने कमी पैशात चित्र छान मिळते, पण ती आकाराने मोठी असते आणि मध्यम किमतीत बहुधा पाण्यापासून बंदिस्त नसते. रूफ आटोपशीर असते, पाणी आत जाऊ देत नाही, पण तिच्या लोलकांवर खास लेप दिल्याशिवाय चित्र तितके रेखीव येत नाही. म्हणून स्वस्त रूफपेक्षा त्याच किमतीची पोरो बऱ्याचदा जास्त स्पष्ट दिसते. पंधरा-वीस हजारांच्या पुढे मात्र रूफ सरस ठरू लागते.

चष्मा असेल तर हा आकडा आधी पाहा

आपल्या घरांत निम्म्या लोकांना चष्मा असतो, तरी दुकानात याबद्दल कोणी विचारत नाही. मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्म्याची काच मध्ये आली की डोळा आपोआप दूर जातो. म्हणून चष्मेवाल्यांना हे अंतर किमान १५–१६ मिलिमीटर हवे. ते दहा-बारा असले तर चित्राच्या कडा कापल्या जातात आणि कुलपाच्या भोकातून पाहिल्यासारखे दिसते. मग आजोबा दुर्बीण परत देतात आणि म्हणतात, "राहू द्या, मला काही दिसत नाही." दोष त्यांच्या डोळ्यांचा नसतो.

मागच्या भिंगाभोवतीची रबरी किंवा फिरकीची वाटी चष्मा लावणाऱ्याने पूर्ण आत घ्यायची, चष्मा नसणाऱ्याने पूर्ण बाहेर काढायची. एवढे केले तरी घरातले अर्धे वाद मिटतात.

लहान मुलांसाठी आणखी एक माप असते : दोन डोळ्यांमधले अंतर. पुष्कळशा मोठ्या दुर्बिणी ५६ मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलाला त्या बसत नाहीत आणि त्याला दोन वेगळी वर्तुळे दिसतात. मुलाला दुकानात सोबत न्यावे, हाच त्यावर उपाय.

चार दुर्बिणी शेजारी शेजारी

नुसत्या तत्त्वांवर खरेदी होत नाही, म्हणून चार ओळखीची उदाहरणे घेऊ. सगळ्या ८×४२. किमती दर सणाला बदलतात, म्हणून त्या दिलेल्या नाहीत. पहिली सगळ्यात स्वस्त आणि शेवटची सगळ्यात महाग, एवढे धरून चाला.

निकॉन अ‍ॅक्युलॉन ए२११ : पोरो. दिसणारा पट्टा खूप रुंद, एक किलोमीटरवर सुमारे १४० मीटर. वजन ७५५ ग्रॅम. आय रिलीफ फक्त १२ मिलिमीटर, म्हणजे चष्मेवाल्यांना अडचण. पाच मीटरपेक्षा जवळचे स्पष्ट होत नाही, म्हणजे अंगणातले फुलपाखरू विसरा. पाण्यापासून बंदिस्त नाही. चष्मा नसलेल्या घराला आणि हिवाळ्यातल्या तलावाला पैशाच्या मानाने उत्तम.

निकॉन प्रोस्टाफ पी३ : रूफ. वजन ५६५ ग्रॅम, म्हणजे पहिलीपेक्षा जवळजवळ दोनशे ग्रॅम हलकी. आय रिलीफ २० मिलिमीटर, चष्म्याला भरपूर. पट्टा सुमारे १२६ मीटर. तीन मीटरपासून स्पष्ट. पाणी आत जात नाही. आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र वापरणार असतील तर ही सोयीची.

व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी : रूफ. ही कंपनी रायफलीवरच्या स्कोपसाठीही प्रसिद्ध आहे. पट्टा सुमारे १३० मीटर, आय रिलीफ १७ मिलिमीटर, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. दीड मीटरवरचेही स्पष्ट दिसते, त्यामुळे फुलपाखरे आणि चतुर पाहणाऱ्यांना आवडेल. घेण्याआधी भारतात दुरुस्ती-हमी कोण देते ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

निकॉन मोनार्क एम५ : रूफ. हिच्यात रंगांची किनार कमी करणारी खास ईडी काच आहे आणि लोलकांवर वरच्या दर्जाचा लेप आहे. आय रिलीफ साडेएकोणीस मिलिमीटर, वजन ६३० ग्रॅम. पण गंमत पाहा, दिसणारा पट्टा सुमारे ११२ मीटर, म्हणजे चौघींत सगळ्यात अरुंद. जास्त पैसे देऊन चित्र स्वच्छ मिळते, रुंद मिळत नाही.

म्हणजे चौघींत सर्व बाबतींत पहिली अशी कोणीच नाही. दाट झाडीत हिंडणाऱ्याने रुंद पट्टा बघावा, चष्मेवाल्याने आय रिलीफ, आणि पहाटे-संध्याकाळी बारीक ओळख करणाऱ्याने काच. घरात या तिघांपैकी कोण जास्त आहे, ते आधी ठरवावे.

काचेने काय फरक पडतो : रानपिंगळ्याची गोष्ट

आपल्यापैकी पुष्कळ घरांचे मूळ खानदेशात आहे, म्हणून ही गोष्ट आपलीच समजा. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. १८८४ साली खानदेशात त्याचे नमुने गोळा झाले, आणि नंतर शंभरावर वर्षे तो कोणाला खात्रीने सापडला नाही. मधल्या काळात मायनर्टझागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे आपल्या सुरत जिल्ह्यातल्या मांडवीला, आपण एक रानपिंगळा मारून नमुना ठेवल्याचे सांगितले होते. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी तो नमुना तपासला तेव्हा उघड झाले की तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता, नवे लेबल लावून ठेवलेला. खोट्या पत्त्याचा भरवसा सोडून जुन्या खऱ्या ठिकाणांवर शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत, झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! २०१४मध्ये तो आपल्या शेजारच्या डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातही आढळला.

आता दुर्बिणीचा संबंध पाहा. आपल्या अंगणातल्या आंब्यावर बसणारा साधा पिंगळा आणि हा रानपिंगळा आकाराने जवळजवळ सारखे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छाती गडद तपकिरी आणि खालचे पोट पांढरे. हातभरसुद्धा उंच नसलेला पक्षी, सागाच्या फांदीवर, चाळीस मीटरवर, ऊन-सावलीत. आठ पटीने तो पाच मीटरवर येतो, आणि काच स्वच्छ असेल तर डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत ते दिसते. काच पांढुरकी असेल तर वीस पटीनेही फक्त 'घुबड' दिसते. एवढा दुर्मिळ पक्षी कुठे टिकून आहे, हे जंगलखाते आणि अभ्यासक अशाच बारीक नोंदींवरून ठरवतात. ती नोंद आपल्या घरातल्या एखाद्या मुलीचीही असू शकते.

दुकानात दहा मिनिटांची तपासणी

शक्य असेल तर संध्याकाळी जा. दुकानाबाहेर येऊन, उन्हाकडे पाठ करून, सावलीतल्या भागाकडे पाहा.

१. आधी जोडणी. उजवे पुढचे भिंग हाताने झाका, डाव्या डोळ्याने मधल्या चाकाने चित्र स्पष्ट करा. मग डावे झाका आणि उजव्या बाजूची कडी फिरवून स्पष्ट करा. हे प्रत्येक माणसाचे वेगळे असते. घरातल्या प्रत्येकाने आपली खूण लक्षात ठेवावी.

२. दूरच्या विजेच्या तारेकडे पाहा. दोन्ही डोळ्यांनी एकच तार दिसायला हवी. दोन दिसत असतील किंवा मिनिटभरात डोळे ओढल्यासारखे वाटत असतील, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण घेऊ नका, कितीही सूट असली तरी.

३. पांढऱ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर एखादी काळी फांदी पाहा. कडेला जांभळी-हिरवी किनार फार दिसते का? थोडी सगळ्यांतच असते.

४. हातभर लांब धरून प्रकाशाची चकती पाहा. ती पूर्ण गोल हवी. कडा कापलेली, चौकोनी वाटली तर लोलक हलक्या काचेचे आहेत.

५. चाक फिरवून पाहा. ते लोण्यासारखे फिरावे, मध्ये अडकू नये, ढिलेही नसावे.

६. पाच मिनिटे डोळ्यांना लावून उभे राहा. हात भरून आला तर घरी तो आणखी लवकर भरून येणार.

'१०-३०×५०' असे लिहिलेल्या झूम दुर्बिणी या किमतीत टाळाव्यात. तीस पटीला उजेडाची चकती सुमारे १.७ मिलिमीटरवर येते, पट्टा अगदी चिंचोळा होतो आणि हातात काहीच स्थिर राहत नाही.

सुरतेच्या हवेत जपणूक

आपल्याकडे दुर्बीण पडून फुटते त्यापेक्षा बुरशीने जास्त मरते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दमट हवेत, चामड्याच्या किंवा कापडाच्या बंद पिशवीत ठेवलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. एकदा ती लेपात रुतली की निघाली तरी डाग राहतो. नायट्रोजन भरलेली, बंदिस्त दुर्बीण घेतली तर आतली बाजू वाचते. बाहेरच्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवायचे. आणि आठवड्यातून एकदा दुर्बीण बाहेर काढून वापरायची, हे सगळ्यात स्वस्त औषध.

डुमसच्या समुद्रावरून आल्यावर भिंग पदराने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नका. वाळूचा एक कण लेपावर कायमची रेघ ओढतो. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ कुंचला, आणि शेवटी चष्म्याचे स्वच्छ मऊ कापड. खाऱ्या हवेनंतर बाहेरचे रबर ओलसर फडक्याने पुसावे. दुर्बीण पडली असेल तर वर सांगितलेली विजेच्या तारेची तपासणी पुन्हा करावी.

आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट : दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. क्षणभरही नाही. डोळ्याचे कायमचे नुकसान होते.

सुरुवात कुठून करावी

नवी दुर्बीण घेऊन थेट जंगलात जाऊ नका. पहिले आठ दिवस गच्चीवरून कबुतरे, बगळे, घारी पाहा. नजर पाखरावर ठेवून, मान न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणण्याची सवय करा. कोपरे बरगड्यांना टेकवा, अंगठे गालाला. मग गवियरला सकाळी जा. तिथे काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी, पानांवर चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हे मोठे आणि शांत पक्षी सरावाला चांगले. त्यानंतर एखाद्या रविवारी वांसदा राष्ट्रीय उद्यान किंवा पूर्णा अभयारण्य. दोन्ही आपल्यापासून गाडीने दोन-तीन तासांवर आहेत. जाण्याआधी वनखात्याची परवानगी आणि वेळा विचारून घ्याव्यात. घरट्याजवळ जाऊ नये आणि पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नये.

प्रत्येक घराने वेगळी दुर्बीण घ्यायलाच हवी असेही नाही. दोन-तीन शेजारी घरांनी मिळून एक चांगली घेतली, तर त्याच पैशात काच वरच्या दर्जाची येते आणि दुर्बीण कपाटात पडून राहत नाही. ती कोणाच्या घरी ठेवायची एवढे मात्र आधीच ठरवून घ्या, आणि डब्यातले सिलिका जेल तापवण्याची जबाबदारी कोणाची, तेही.